चंदेरी मिग-२१ बांधायचंय? मग आधी सांध्यावरून बोट फिरवा

माझं पहिलं मिग-२१, म्हणजे त्या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, पूर्ण झालं तेव्हा मी ते शेजारच्या काकांना दाखवायला नेलं. काका नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत, म्हणजे खरी मिगं जुळवण्यात ज्यांची सगळी नोकरी सरली त्या माणसापुढे मी माझं वीतभर प्लॅस्टिक ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त अंगठा विमानाच्या पाठीवरून नाकापासून शेपटापर्यंत फिरवला आणि म्हणाले, "हा जोड इथं कुठून आला रे? विमान काय आंब्यासारखं दोन फाकांचं असतं?"

झालं. मी महिनाभर डोळे फोडून केलेलं कॉकपिट त्यांनी बघितलंपण नाही.

पण खरं सांगतो, त्या एका अंगठ्यानं मला जे शिकवलं ते शंभर व्हिडिओंनी शिकवलं नव्हतं, आणि चंदेरी विमानाला तर ते दुप्पट लागू आहे. हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजमध्ये थोडंफार झाकून जातं, उघड्या धातूच्या फिनिशमध्ये काहीच झाकत नाही, उलट प्रत्येक ओरखडा आरशात धरल्यासारखा दिसतो. म्हणून खाली जे लिहितोय त्यात अर्ध्याहून जास्त गोष्टी रंगाच्या डबीचं झाकण उघडायच्या आधीच्या आहेत, कंटाळू नका.

आधी कुठलं मिग ते ठरवा. मिग-२१ म्हणजे एक विमान नाही, खानदान आहे. आपल्याकडे १९६३ पासून आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटचं निवृत्त झालं, म्हणजे बासष्ट वर्षं, आणि एवढ्या काळात त्याचे अवतार बदलत गेले. एअरफोर्सच्या भाषेत टाइप ७७ म्हणजे एफएल, टाइप ९६ म्हणजे एम, टाइप ७५ म्हणजे बिस, आणि बिसचंच शेवटी अपग्रेड केलेलं बायसन. दुकानात बॉक्सवर नुसतं "मिग-२१" बघून किट उचललं की पुढे रडायची वेळ येते, कारण एफएलची पाठ बारीक आणि बिसची पाठ जाडजूड, त्यामुळे एकाचं दुसरं करायला गेलात तर पाठच बदलावी लागेल. नाकावरची पिटो नळी, म्हणजे पुढे भाल्यासारखी येते ती, एफएलला वर मधोमध, बिसला उजवीकडे सरकलेली. बायसनची पुढची काच बिनफ्रेमची एकसंध आहे आणि अंगावर फ्लेअर डिस्पेन्सर, म्हणजे मिसाइलला चकवायला जळते गोळे सोडणाऱ्या पेट्या, आहेत, तेव्हा साध्या बिसच्या किटला बायसनची डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, लावली की झालं बायसन असं होत नाही, तरी लोक लावतात, मीपण एकदा लावलीत.

मी इथे टाइप ७७ धरून चाललोय, १९६० च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे होती तशी, चंदेरी. ओझरला हीच आधी बनायला लागली, इंजिनं कोरापुटहून यायची. १९७१ च्या युद्धात यातल्या कितीतरी विमानांवर घाईत हिरवा कॅमोफ्लाज चढवला, प्रत्येक स्क्वाड्रनचा वेगळाच, त्यामुळे ज्यांना चंदेरीची भीती वाटते त्यांनी बिनधास्त १९७१ चं हिरवं करा, १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं टाकायला गेलेली ती हीच टाइप ७७. पण माझं ऐकाल तर एकदा चंदेरी कराच.

किटबद्दल थोडक्यात. १/४८ मध्ये चेक कंपनी एडुआर्डची पीएफ आणि पीएफएम या मिग-२१ च्याच प्रकारांची किटं आहेत, त्यांच्यापासून एफएलच्या जवळ जाता येतं, फक्त शेपटाचं पान आणि कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, कुठल्या प्रकारची ते तुम्ही ज्या विमानाचा फोटो धरलाय त्यात बघून घ्या. एकच विमान, एकाच काळातला फोटो, असं धरून चला, दहा फोटोंची खिचडी केली की कुठलंच विमान होत नाही. बिस करायचं तर १/७२ मध्ये झ्वेज्दाचं किट बरं आणि खिशालाही परवडतं. १/७२ म्हणजे किती मोठं? खऱ्याचा पंखविस्तार ७.१५ मीटर, त्याला ७२ नी भागलं की जेमतेम १० सेंटिमीटर, १/४८ मध्ये १५. सुरुवात असेल तर १/७२ घ्या असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही, लहान पार्ट म्हणजे सोपं काम नव्हे, चिमट्यातून उडालेला १/७२ चा पार्ट सोफ्याखाली दोन तास शोधलाय कधी?

सामान फार लागत नाही. स्प्रू कटर, म्हणजे पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिथून ते सोडवायची सपाट धारेची पक्कड. हॉबी नाइफ आणि भरपूर ब्लेडं. ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, हार्डवेअरवाल्याकडे मिळतो तोच, आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवला की झाली सँडिंग स्टिक. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट. फेविक्विक. फेविकॉल. मास्किंग टेप मात्र मॉडेलवाली घ्या, रंगाऱ्याची घेऊ नका, तिचा गोंद राहतो आणि रंग घेऊन येते. बाकी वस्तू लागतील तशा घ्या, सुरुवातीलाच पंचवीस बाटल्या घेऊन त्या सुकवायला ठेवण्यात अर्थ नाही, मी ठेवल्यात.

पहिल्या दिवशी चिकटवू नका. चौकटी तशाच भांड्याच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात जुन्या मऊ ब्रशने धुवा, साचातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर प्लॅस्टिकवर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. सुकू द्या. पार्ट सोडवताना एकदम अंगालगत कापायचं नाही, थोडा देठ ठेवून कापायचं आणि उरलेला देठ मग ब्लेडने आणि पेपरने काढायचा, भेंडीचं देठ काढतो तसं, अलगद. लगत कापलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं किंवा लचका निघतो, आणि चंदेरीत तो लचका खड्ड्यासारखा दिसतो.

कॉकपिट पटकन उरकतो. रशियन विमानांचा तो ओळखीचा मोरपिशीकडे झुकणारा निळसर हिरवा, पॅनेल काळ्या-करड्या, सीटला पट्टे. काळ्या पॅनेलवर पांढरा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने घासला की डायल उठून येतात. कॅनोपी बंद ठेवणार असाल तर यावर तीन आठवडे घालवू नका, खरंच कुणी बघत नाही, काकांचं वर सांगितलंच.

वजन मात्र विसरू नका. तीन चाकांवर उभं राहणारं कुठलंही विमान मागे बसू शकतं, शेपूट टेकून नाक वर करून, अगदी म्हशीसारखं. बॉडीच्या दोन बाजू, पंख, शेपूट सगळं टेपने तात्पुरतं जोडा, मागच्या चाकांची जागा पट्टीच्या कडेवर टेकवा आणि कुठे झुकतंय बघा. मागे झुकत असेल तर नाकात जिथे जागा सापडेल तिथे सायकलच्या दुकानातले बेअरिंगचे छर्रे भरायचे आणि चिकटवून टाकायचे, नुसते टाकले तर आयुष्यभर खुळखुळा वाजतो. बॉडी बंद झाल्यावर आठवलं तर मग काही करता येत नाही, माझ्याकडे एक विमान अजून पारदर्शक काडीच्या टेकूवर उभं आहे.

आता सांधे. इथेच थांबा आणि इथेच वेळ घाला.

एक्स्ट्रा थिन हे खरं तर गोंद नाही, ते प्लॅस्टिक विरघळवतं. म्हणून दोन्ही बाजू कोरड्याच एकमेकांवर धरायच्या, ब्रशने सांध्यावर नुसता स्पर्श करायचा, ते आपोआप फटीतून पुढे पळतं, मग हलकेच दाब द्यायचा, सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक मण्यांसारखी रेघ बाहेर येते. ती रेघ आली म्हणजे सांधा भरला. पुसायची नाही! हात लावायचा नाही! चोवीस तास बाजूला ठेवायचं, मी तर दोन दिवस ठेवतो, कारण आत मऊ असताना घासलं तर नंतर आठवड्याभराने प्लॅस्टिक आक्रसतं आणि तिथे बारीक चर दिसायला लागते, रंग दिल्यावर, अर्थात. आणि बोट फटीच्या जवळ ठेवून सिमेंट लावलं तर ते बोटाखालीपण शिरतं आणि तुमच्या अंगठ्याचा ठसा विमानावर कायमचा उमटतो, आधार कार्ड काढल्यासारखा.

दोन दिवसांनी ब्लेड आडवं धरून त्याच्या पाठीने रेघ खरवडायची, मग ४०० ने कमी, ६०० ने जास्त, १००० ने गुळगुळीत, पेपर ओला करून. गोलाई सपाट होणार नाही याची काळजी घ्या, पेपर पट्टी करून बुटाला पॉलिश मारतात तसा गोलाईवरून ओढायचा. जिथे अजून फट आहे तिथे फेविक्विकचा थेंब सुईने द्या आणि तो पंधरा-वीस मिनिटांत घासून टाका, रात्रभर ठेवलात तर तो दगड होतो आणि आजूबाजूचं प्लॅस्टिक घासलं जातं पण तो नाही.

पण सगळेच जोड बुजवायचे नाहीत, हे मला काकांनी दुसऱ्या चकरेत समजावलं. खऱ्या मिग-२१ चं इंजिन काढायचं तर मागचं शेपटासकट अर्धं अंग सुटून बाहेर येतं, त्यामुळे पंखांच्या मागे बॉडीभोवती बांगडीसारखा एक आडवा जोड खरोखर असतो. तो ठेवायचा, ठसठशीत ठेवायचा. उभा, पाठीवरून आणि पोटाखालून लांबीला जाणारा जो प्लॅस्टिकचा जोड आहे तो तेवढा खोटा. मी पहिल्या मिगवर नेमकं उलटं केलं होतं, बांगडी पुट्टीने बुजवली आणि पाठीचा जोड ठेवला.

घासताना पॅनेलच्या कोरलेल्या रेघा पुसल्या जातात, त्या परत कोरायच्या. जाडसर लेबल टेपची पट्टी रेघेच्या कडेला चिकटवून तिच्या आधाराने सुई तीन-चारदा हलकेच ओढायची, एकदाच जोर लावून नाही, सुई घसरली की विमानभर ओरखडा. घसरली तर फेविक्विक भरा, घासा, परत कोरा. मी एका रात्री एकच रेघ चार वेळा कोरलीये.

पंख लावताना नीट बघा, मिग-२१ चे पंख आडवे सरळ नाहीत, टोकांना दोन अंश खाली उतरलेले आहेत. समोरून बघितलं की विमान खांदे पाडून उभं असल्यासारखं दिसतं आणि त्याचा तो रुबाब त्यातच आहे. जाड पुठ्ठ्यात समोरून दिसणारा आकार कापून घ्या, त्या खाचेत विमान बसवून सिमेंट सुकू द्या. शेपटाचं उभं पान मात्र काटकोनात, त्याला लांब उभं राहून एका डोळ्याने बघा.

काच, म्हणजे कॅनोपी, कधीच फेविक्विकने लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी धुरकट होते आणि ती जात नाही. फेविकॉल घ्या, काडीच्या टोकाने कडेला लावा, जादा झालेला ओल्या ब्रशने पुसा, सुकला की पारदर्शक होतो, आणि बारीक फटी भरायलाही तोच चालतो. काचेला मास्किंग करताना टेप काचेवर आख्खी चिकटवून दातकोरणीने फ्रेमच्या कडांमध्ये दाबायची, मग कोऱ्या ब्लेडने कडेकडेने कापून फ्रेमवरची तेवढी सोलून काढायची. ब्लेड नवीन हवं, जुन्या ब्लेडला जोर लागतो आणि जोर लागला की काचेवर रेघ. फ्रेमवर पहिल्यांदा आतला मोरपिशी मारायचा आणि मग बाहेरचा चंदेरी, म्हणजे आतून बघितलं की बरोबर दिसतं.

आता प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, खरं-खोटं करणारा. मिस्टर सर्फेसर १५०० चा काळा किंवा करडा थिनरमध्ये पातळ करून मारा. सुकल्यावर खोलीतले दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च विमानाच्या अंगाला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि सांध्यावरून सरकवत जा. जे दिसेल ते बघून वाईट वाटेल, ते सगळ्यांनाच वाटतं. मग डोळे मिटून अंगठा फिरवा, डोळ्याला न दिसणारी पायरी अंगठ्याला लागते. दुरुस्त करा, परत प्रायमर, परत टॉर्च. माझ्या दुसऱ्या मिगला हे पाच वेळा झालं, पाचव्यांदा मी ते खिडकीतून फेकणार होतो. शेवटी २००० च्या ओल्या पेपरने अख्खं अंग हलकं पॉलिश करायचं, पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा नाही, काचेच्या गोटीसारखा लागला पाहिजे.

यानंतर चकचकीत काळा. हो, चंदेरीच्या खाली काळा, आणि तोही ग्लॉस. धातूचे हे रंग इतके पातळ असतात की खालचा पृष्ठभाग जसा तसाच ते दिसतात, खाली चमकदार काळं असेल तर वर धातू चमकतो, खाली खरबरीत करडं असेल तर वर ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यासारखं दिसतं. काळा किमान दोन दिवस सुकू द्या, नखाने अदृश्य जागी दाबून बघा, आणि वास येत असेल तर अजून सुकलेला नाही, थांबा.

हवामानाचा मुद्दा इथेच सांगतो, तो आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि परदेशी गाइडमध्ये तो नसतोच. पावसाळ्यात लॅकर, म्हणजे उग्र वासाच्या थिनरवरचा रंग, मारलं की हवेतली ओल त्यात अडकते आणि चमकदार काळ्यावर पांढरट साय येते. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर बांधकाम करावं आणि रंग दिवाळीच्या आसपास द्यावेत, अगदी मारायचाच तर पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी, आणि कॉम्प्रेसरला पाण्याचा ट्रॅप लावलेला असूदे, मधेमधे तो रिकामा करा, नाहीतर ऐन पंखाच्या मध्यावर एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, पाण्याची पिचकारी टाकतो. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच सुकतं आणि रंगाऐवजी भुकटी उडते, तेव्हा रिटार्डरचे, म्हणजे रंग उशिरा सुकवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब घालायचे आणि सकाळी लवकर काम करायचं. आणि मास्क, कापडाचा नाही, वाफेसाठी कार्ट्रिज असलेला. गॅलरीत मारतोय मग काय होतंय असं म्हणू नका, वास घरात येतो, आणि घरच्यांनी एकदा ओरडायला सुरुवात केली की छंद संपला.

एअरब्रशला ०.३ ची सुई पुरते. व्हॅलेहोचे मेटल कलर मला सगळ्यात सोयीचे वाटतात, पाण्यावरचे आहेत, वास नाही, पातळ करावे लागत नाहीत, बाटली मात्र खूप हलवायची. दाब कमी ठेवा, साधारण १२ ते १५ पीएसआय, आणि एकदम झाकायला जाऊ नका, धुक्यासारखे पातळ थर, पहिल्या थराला काहीच झाल्यासारखं दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्याला एकदम धातू उगवतो. अल्क्लॅड कंपनीच्या रंगाचा चमकारा यापेक्षा सरस आहे पण तो लॅकर आहे, वास आणि ओल दोन्हीची भानगड. एअरब्रशच नसेल तर तामियाचा एएस-१२ नावाचा स्प्रे कॅन येतो, उघड्या धातूचाच, डबा आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून मारा, रंग बारीक पडतो, आणि खरं सांगायचं तर तीन फुटांवरून कुणाला फरक कळत नाही. पाणी कोमटच, गॅसवर डबा ठेवायचा नाही, हे लिहायला लागतंय कारण असं करणारा एक जण मला माहिती आहे. ब्रशने चंदेरी करायला मात्र जाऊ नका, ब्रशचे फराटे दिसतातच. ब्रशवाल्यांनी हिरवं १९७१ चं घ्यावं, सपाट ब्रशने तीन-चार पातळ थर, रंग दुधासारखा, सायीसारखा नाही.

सगळं विमान एकाच चंदेरीत काढलं तर ते खेळण्यातलं दिसतं. काका म्हणाले होते, पत्रा एका दिवशी एका गठ्ठ्यातून आलेला नसतो, आणि कुठला भाग बदललेला असतो, कुठल्या झाकणाला रोज हात लागतो. म्हणून अख्ख्यावर ॲल्युमिनियम मारून झालं की चार-पाच पॅनेल निवडा, मास्क करा, काहींवर ड्युराल्युमिनियम, काहींवर डार्क ॲल्युमिनियमचा एकच पातळ थर. फार निवडू नका, नाहीतर गोधडी होते. मास्किंगची टेप आधी तळहाताला दोनदा चिकटवून काढायची, तिची पकड कमी होते, किंवा सरळ ऑफिसातले पिवळे चिकट कागद वापरायचे, त्यांची कड पण सरळ असते. सगळ्यात मागे, जिथून आग बाहेर पडते तिथे, स्टील आणि त्यावर बर्न्ट आयर्नची झाक, कडेकडे कमी होत गेलेली. नाकातला कोन आणि शेपटाच्या पानाचं टोक हिरवं, आत रडार आणि अँटेना असल्यामुळे तिथे धातू नसतोच. चाकांच्या डिशपण हिरव्या, टायर मात्र काळा कुळकुळीत नको, गडद करडा. आणि एफएलच्या अंगात तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ नावाचा गन पॉड लागायचा, तो किटमध्ये असेल तर लावाच, १९७१ च्या विमानाला तर नक्की.

या टप्प्यावर विमान नुसत्या हाताने धरायचं बंद. घामाचा ठसा धातूच्या रंगावर उमटतो आणि दोन दिवसांनी काळा पडतो. दागिन्यांच्या दुकानात घालतात तसले सुती हातमोजे घाला.

डिकल्स. इथे चंदेरीवाल्यांचा एक फायदा आहे, पृष्ठभाग आधीच गुळगुळीत असतो. मॅट रंगावर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेला चांदीसारखी चकाकणारी फिल्म दिसते, म्हणून कॅमोफ्लाजवाल्यांनी आधी ग्लॉस कोट मारायचा, हे चुकवायचं नाही. डिकल कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद, मग काढून टिश्यूवर एक मिनिट, आपोआप सुटतं, ओढाताण नको. जागेवर आधी मायक्रो सेटचा, म्हणजे डिकल नीट धरायला मदत करणाऱ्या द्रवाचा, थेंब, त्यावर डिकल सरकवायचं, ओल्या ब्रशने जागा पक्की करायची, टिश्यूने टिपायचं, मग वरून मायक्रो सोल, ते डिकल मऊ करतं. सोल लावल्यावर डिकल सुरकुततं, म्हाताऱ्यासारखं होतं, बघून पोटात गोळा येतो आणि हात शिवशिवतो, पण बोट लावू नका, तासाभरात ते रेघांमध्ये बसतं आणि सपाट होतं. आपल्या गोलात बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा, आणि बऱ्याच डिकल शीटमध्ये केशरी इतका पातळ छापलेला असतो की खालून धातू डोकावतो. एक फालतू डिकल चंदेरी मारलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आधी लावून बघा. डोकावत असेल तर शीटमधल्या कोऱ्या पांढऱ्याचा त्याच मापाचा गोल कापून खाली द्या. माझ्या पहिल्या मिगवर एक गोल किंचित तिरपा बसलाय, गोल तिरपा कसा बसू शकतो ते विचारू नका, छपाईत पांढरी कडी सरकलेली होती.

वॉश, म्हणजे पॅनेलच्या रेघांत उतरवायचा मळ, थोडाच द्या. कॅमलची ऑइल ट्यूब, काळा आणि बर्न्ट अंबर मिसळून एनॅमल थिनरमध्ये चहाइतका पातळ करायचा, बारीक ब्रशचं टोक रेघेला टेकवलं की तो आपणहून पळतो, अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने विमानाच्या पुढून मागे पुसायचा, वारा जातो त्या दिशेने. धातूच्या रंगावर थेट देण्याआधी पोटाखाली एका कोपऱ्यात करून बघा. आणि शेवटी सवयीने मॅट वार्निश मारू नका, सगळी मेहनत राखाडी होऊन जाईल. मी चंदेरी विमानाला वरून काहीच मारत नाही, फक्त डिकल्सवर तेवढ्यापुरतं ब्रशने सॅटिन.

चाकं, दारं, मिसाइल, अँटेना हे सगळं शेवटी लावा, आणि पिटो सगळ्यात शेवटी. किटमधली प्लॅस्टिकची पिटो जाड असते आणि हमखास तुटते. मेडिकलमधून इंजेक्शनची बारीक सुई आणा, टोक फाइलने घासून बोथट करा, हे आधी, नाकात बारीक ड्रिलने भोक पाडून ती फेविक्विकने बसवा. स्टीलची असल्याने तुटत नाही, आणि आत पोकळ असल्यामुळे समोरून बघितलं की खऱ्या पिटोसारखं भोक दिसतं.

दुसरं मिग घेऊन गेलो तेव्हा काकांनी परत अंगठा फिरवला. पाठीवरून गेला, पोटाखालून गेला, बांगडीपाशी थांबला, नखाने तिथे टकटक केलं, मान हलवली, आणि मग पिटोवर बोट आपटलं. "टोचलं की रे हे," म्हणाले, आणि बोट तोंडात घालून विमान दिव्याखाली घेऊन गेले, मला चहा विचारायचं विसरून.